दोन रात्री आणि एक अपराध

अपराधाचे माप कशाने घ्यावे, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. कर्त्याच्या बुद्धीने घ्यावे, की त्याच्या कर्माच्या फलाने? एकाच प्रकारचे अविचारी कृत्य दोन माणसे करतात. एकाच्या कृत्यातून काहीच निष्पन्न होत नाही, दुसऱ्याच्या कृत्याने एका कुटुंबाचा आधार तुटतो. या दोघांचा दोष सारखा मानावा, की निराळा? विद्वानांच्या सभेत हा प्रश्न सुखाने चर्चिता येतो. परंतु तोच प्रश्न पहाटे साडेपाच वाजता दूरध्वनीच्या घंटेबरोबर घरात शिरला, म्हणजे त्याचे उत्तर देणे किती कठीण असते याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आला आहे. तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा की नाही, याविषयी मनाची बरीच चलबिचल झाली. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, हा आपला शिष्टाचार. तथापि ज्या गोष्टी आपण झाकून ठेवतो, त्याच घरोघरी पुन्हा पुन्हा घडत राहतात, हेही खरे. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्या माझ्या भाच्याने हा मजकूर वाचून संमती दिली आहे. म्हणून लिहितो.

2022 सालच्या डिसेंबरात आप्तांकडील एका लग्नासाठी आम्ही बेळगावाहून साखळीस गेलो होतो. परतीस रात्र झाली. गाडी भाचा चालवीत होता. त्याच्या शेजारी मी, मागे माझी पत्नी, धाकटी बहीण आणि मेहुणे. मांडवामागे वराच्या मित्रमंडळींची जी बैठक जमली होती, तीत भाचा बराच वेळ बसला होता, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होते. गाडीची दारे बंद होताच वासानेही ते सांगितले. मी काही बोललो नाही. मुलगा तिशीचा झालेला, कमावता. चारचौघांत त्याला काय म्हणून हटकावे? शिवाय सकाळी प्रत्येकाला आपापली कामे होती. चोर्ला घाटाची वळणे, वर चढावे तसे दाटत जाणारे धुके, समोरून येणाऱ्या मालगाड्यांचे दिवे. पत्नीने मागून दोनदा माझ्या खांद्यास हात लावला. त्या स्पर्शाचा अर्थ मला कळला होता, तरीही मी बोललो नाही. कणकुंबी गेली, जांबोटी गेली, आणि एकच्या सुमारास आम्ही सुखरूप घरी पोहोचलो. उतरताना बहीण कौतुकाने म्हणाली, "काय हात बसला आहे पोराचा गाडीवर!" आम्ही सारे हसलो. मीही हसलो.

दुसरी रात्र 2024 सालच्या ऑक्टोबरातील. खानापूर रस्त्याच्या बाजूस एका मित्राच्या मळ्यावर मंडळी जमली होती. मध्यरात्रीपर्यंत खाणेपिणे चालले. भाचा या वेळी, त्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर, "साखळीपेक्षा कमीच" प्यायला होता. तो तेथेच चार तास झोपला, तोंड धुतले, चहा घेतला आणि कामावर वेळेत पोहोचावे म्हणून उजाडण्यापूर्वी निघाला. झोप झाली म्हणजे नशा उतरली, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. काही मैलांवर सायकलीला दोन्ही बाजूंनी भाजीची पोती बांधून बाजाराकडे निघालेले एक वयस्क शेतकरी त्याच्या गाडीखाली आले. भाचा पळाला नाही. त्यांना उचलून स्वतःच रुग्णालयात नेले आणि पोलिसांस कळविले. त्यांचा प्राण वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्या पहाटे मेहुण्यांचा दूरध्वनी आला. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात अधिकारावर होता, हे त्यांना माहीत होते. ते म्हणाले, "दादा, मी तुमच्याकडे कधी काही मागितले नाही. तुमचा एक शब्द टाका. रक्त घ्यायचे नुसते लांबवायला सांगा. दोन तास गेले की पुढचे मी पाहतो."

हे दोन तास म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. आपल्या देशात हा विषय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमात येतो. मूळ कलमात रक्तात मद्याचा कितीही अल्प अंश आढळला तरी तो अपराध मानला होता. 1994 च्या दुरुस्तीने मर्यादा निश्चित झाली : 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. त्याहून अधिक मद्य अंगात असता जो वाहन चालवितो, किंवा चालविण्याचा प्रयत्न करतो, तो अपराधी. या अपराधाखाली अटक झालेल्या मनुष्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाही तर त्यास कोठडीतून मोकळे करावे लागते, असा त्याच कायद्याचा दंडक आहे. नागरिकास विनाकारण अडकवून ठेवले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. पण जे संरक्षण निरपराध्यासाठी निर्माण केले, त्यालाच चतुर माणसे पळवाट करतात. मनुष्याचे शरीर साधारणतः ताशी 15 मिलिग्रॅम या गतीने रक्तातील मद्य कमी करीत असते. चहाने, थंड पाण्याने वा झोपेने ही गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात 150 मिलिग्रॅम मद्य असेल, तो मर्यादेखाली यावयास सकाळचे आठ वाजतात. भाच्याच्या चार तासांच्या झोपेने त्यास फसविले ते असे. आणि मेहुणे जे मागत होते, ते म्हणजे काळाच्या हातून पुरावा पुसून टाकणे.

मी शब्द टाकला नाही. त्यात धैर्य होते असे कोणी समजू नये. ध्वनियंत्र हाती धरून मी किती वेळ उभा होतो, ते मलाच ठाऊक. त्या विद्यार्थ्याला चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः खरे बोलण्याचे धडे दिले होते. त्यालाच आता हे कसे सांगावे, याची केवळ लाज वाटली. मेहुणे पुढे सहा महिने माझ्या घराची पायरी चढले नाहीत. बहीण आली, रडून म्हणाली, "दादा, त्याच्या दैवात होते ते झाले. तू तुरुंगाची वाट मोकळी कशाला केलीस?"

दैव! या एका शब्दापाशी माझे मन अडले, आणि तेथून या लेखाचा विचार सुरू झाला.

साखळीच्या रात्री भाचा अधिक प्यायला होता, रस्ता अधिक बिकट होता, गाडीत पाच जीव होते. खानापूरच्या पहाटे मद्य कमी, रस्ता सरळ, आणि आपण शुद्धीवर आहोत अशी समजूत. दोष तोलावयाचाच, तर पहिल्या रात्रीचे पारडे जड. पण पहिल्या रात्रीसाठी त्यास शाबासकी मिळाली आणि दुसरीसाठी कोठडी. पहिल्या रात्री एखादा सायकलवाला घाटात नव्हता. दुसऱ्या वेळी होता. तो असणे वा नसणे यात भाच्याचे कर्तृत्व काय? मग बहीण म्हणते तेच खरे नव्हे काय, की सारा दैवाचा खेळ?

नव्हे. गीतेने कर्मावर अधिकार सांगितला, फलावर सांगितला नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु या उपदेशाचा उत्तरार्ध आपण नको तेथे सोयीने वापरतो. फल आपल्या हाती नाही, म्हणून अपघाताचा दोष आपल्याकडे नाही, असा निष्कर्ष आपण काढतो. वस्तुतः निष्कर्ष उलटा निघतो. फल हाती नाही, म्हणूनच हाती असलेल्या कर्माची जबाबदारी पूर्ण आहे. सुटलेला बाण कोठे लागेल हे धनुर्धराच्या स्वाधीन नसते. म्हणूनच अंधारात बाण सोडणे हाच अपराध होय, मग तो झाडात रुतो की माणसात. दैवाने दुसऱ्या पहाटे भाच्याला अपराधी केले नाही. तो पहिल्या रात्रीच अपराधी होता. दैवाने तोपर्यंत केवळ त्याचा अपराध झाकून ठेवला होता.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुद्र नाही. मद्यपी मनुष्यास त्या क्षणी हिताहित कळत नाही. ज्यास कळत नाही त्यास दोषी कसे धरावे? वेड्यास आपण शिक्षा करीत नाही, मग झिंगलेल्यास का करावी? याचे उत्तर ग्रीक देशात फार प्राचीन काळी दिले गेले. मिटिलिनी नगरीचा शास्ता पिट्टाकस याने असा कायदा केला होता की, मद्याच्या धुंदीत केलेल्या अपराधास दुप्पट दंड व्हावा. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात अशा दुप्पट दंडाचे कारण दिले आहे ते असे, की अज्ञानाचे मूळ कर्त्याच्याच हातात होते. न पिणे त्याला शक्य होते. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक आपल्यावर कोसळलेले; दुसरे आपण होऊन ओढवून घेतलेले. पहिले क्षम्य आहे, दुसरे नाही. आपल्या देशातही 1860 च्या दंडसंहितेने हेच तत्त्व धरले होते, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते ठेवले आहे. ज्यास त्याच्या नकळत वा इच्छेविरुद्ध मद्य पाजले गेले आणि त्यामुळे ज्याची शुद्ध हरपली, त्यास सूट आहे. ज्याने स्वेच्छेने घेतले, त्यास शुद्धीवरील मनुष्याइतकीच समज होती असे धरून न्याय केला जातो.

म्हणून खरा अपराध धडकेच्या क्षणी घडत नाही. धडकेच्या क्षणी बिचारा ब्रेक दाबण्याचीच धडपड करीत असतो. अपराध घडतो तो पहिला पेला हाती घेताना, घरी परत कसे जावयाचे याचा विचार न करण्यात. त्या वेळी बुद्धी शाबूत असते. भाच्याच्या बाबतीत तो क्षण मळ्यावर संध्याकाळी सातला आला होता. त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, गाडी घेऊन आलो आहे हे मला माहीत होते. तेवढे एकच माहीत असणे पुरेसे होते."

आता प्रश्न असा, की दोन्ही रात्रींचा दोष जर एकच, तर कायदा त्या दोहोंस इतके भिन्न का लेखतो? मद्य पिऊन गाडी चालविली पण कोणास इजा झाली नाही, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे 2019 च्या दुरुस्तीचे. त्यापूर्वी हा दंड अनुक्रमे दोन व तीन हजारांपर्यंतच होता. परंतु त्याच गाडीखाली कोणास जबर दुखापत झाली, तर न्याय संहितेप्रमाणे आणखी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी मेले, तर निष्काळजीपणाच्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत. आणि आपल्या कृत्याने मृत्यू घडण्याचा संभव आहे हे त्यास ठाऊक होते असे न्यायालयास वाटले, तर सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षांपर्यंत.

मुंबईतील वांद्र्याच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालक तरुण मद्य प्यायलेला होता. पहिल्या न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड सांगितला. उच्च न्यायालयाने तोच अपराध सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. 2012 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. इतकेच नव्हे, तर ती फारच अपुरी आहे, परंतु सरकारने वाढीसाठी अपील केलेले नाही, असेही नमूद केले. त्याच वर्षी ऑगस्टात त्या न्यायालयापुढे दिल्लीतील 1999 सालचे प्रकरण आले. त्यात सहा मेले होते, पैकी तीन पोलीस. येथेही सदोष मनुष्यवध सिद्ध धरला गेला. पण भोगलेली कैद पुरेशी मानून 50 लाख रुपये भरण्याचा आणि दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश झाला. एकाच वर्षी, एकाच न्यायासनापुढे, एकाच कलमाखाली दोन शिक्षांचे रूप इतके निराळे! ज्यांची माणसे गेली त्यांनी याचा अर्थ काय लावावा?

मला वाटते, कायद्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. कायद्यास अंतःकरण दिसत नाही. त्यास दिसते ते रक्तातील मद्याचे प्रमाण आणि रस्त्यावर पडलेले शरीर. शिवाय त्याला दोन धनको आहेत. एक सारा समाज, ज्याचा रस्ता निर्भय असावयास हवा. दुसरा तो एक मनुष्य, ज्याचा पाय गेला. ज्या रात्री कोणाचे काही गेले नाही, त्या रात्रीचे ऋण समाजाचे आहे. ज्या पहाटे पाय गेला, तेथे दुसरे ऋण वाढले. अपराध एकच असला तरी ऋणे दोन असू शकतात. म्हणून दुसऱ्या पहाटेची शिक्षा अधिक असणे अन्याय नव्हे. अन्याय आहे तो पहिल्या रात्रीचे ऋण मुळीच वसूल न होण्यात.

आणि नेमके तेच आपल्याकडे घडते. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्या सर्वांस मद्य कारण नव्हते. अतिवेग हेच त्यांतील मोठे कारण नोंदले गेले आहे. पण असे प्रत्येक मोठे प्रकरण गाजले की कठोर शिक्षेची मागणी होते, दंड वाढतो, आणि पुन्हा सर्व शांत होते. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 साली आपल्या ग्रंथात म्हटले होते की, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाचा धाक मोठा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 1982 च्या डिसेंबरात रस्त्यावर कोणासही, कोणताही संशय नसताना थांबवून श्वास तपासण्यास आरंभ केला, आणि रस्त्यावरील मृत्यूंत ठळक घट झाली. तेथे मनुष्य बदलला नाही. फक्त साखळीच्या रात्रीसारख्या रात्रीही सापडू लागल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या डिसेंबरात महामार्गांपासून 500 मीटरांच्या आत मद्याची दुकाने नकोत असा आदेश दिला. मग लहान वस्त्यांसाठी ते अंतर 220 मीटर झाले, पुढे नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या. दुकान किती मीटर दूर असावे याचा वाद आपण मोठ्या हिरिरीने घातला. चाकापाशी बसलेला मनुष्य आपल्यापासून दोन हातांवर असतो, त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

येथे मला मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील एका प्रकरणाचे स्मरण होते. त्या ग्रंथातील अनेक वचने आज आपणांस मान्य नाहीत, आणि मान्य असू नयेत. परंतु वाहनांच्या अपघातांविषयी तेथे जो विचार आहे, तो पाहण्यासारखा आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, दोर तुटला, किंवा सारथ्याने "बाजूला व्हा" म्हणून ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी कोणास दंड नाही. म्हणजे जे खरोखर दैवाधीन ते आधीच वगळले. सारथ्याच्या अकौशल्याने गाडी भलतीकडे जाऊन हिंसा झाली, तर धन्यास दोनशे पण दंड. सारथी कुशल असेल आणि चूक त्याची असेल, तर दंड सारथ्यास. आणि सारथी अयोग्य असेल, तर? तर गाडीत बसलेल्या सर्वांस प्रत्येकी शंभर पण दंड.

हे वचन मी पूर्वी वाचले होते. त्याचा अर्थ मला साखळीच्या रात्रीनंतर दोन वर्षांनी कळला. अयोग्य सारथ्याच्या गाडीत जो जाणून बसतो, तो नुसता प्रवासी नसतो. त्याच्या बसण्याने सारथ्यास संमती मिळते. आजच्या मोटार कायद्याचे 188 वे कलमही अशा अपराधास साहाय्य वा प्रोत्साहन देणाऱ्यास अपराध्याइतकीच शिक्षा सांगते. नुसते शेजारी बसणे म्हणजे त्या कलमाच्या अर्थाने साहाय्य नव्हे, हे खरे. पण कायद्याच्या हाती न सापडणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. त्या गाडीत माझ्या नावे शंभर पण लागू झाले होते. पत्नीचे मी कमी धरीन. तिने निदान माझ्या खांद्यास हात लावला होता. आणि घरी उतरताना जे हसू आले, त्याचे निराळे शंभर.

कोणी म्हणेल, हे अतिरेकाचे आत्मताडन आहे. त्या रात्री मी बोललो असतो तरी खानापूरची पहाट टळली असती, हे कशावरून? कशावरूनच नाही. पण मघाशी आपण काय ठरविले? फल हाती नाही, कर्म हाती आहे. बोलणे माझ्या हाती होते. चाळीस मिनिटे उशीर झाला असता, भाचा रुसला असता, मेहुणे म्हणाले असते "दादांचे काहीतरीच". एवढ्या किमतीस मी ते मौन विकत घेतले. आणि ज्या तरुणाला एकदा वडीलधाऱ्यांनी घाटातून सुखरूप आणल्याबद्दल वाखाणले, त्याला दुसऱ्या वेळी सरळ रस्त्याची भीती का वाटावी? त्याच्या आत्मविश्वासात आमचा वाटा होता.

अपघातानंतर सुमारे तीन आठवड्यांनी भाचा आणि मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. जाऊ नये, असे वकिलांचे मत होते. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. भाच्याने पायांस हात लावावयास वाकावे आणि तेथे एकच पाय असावा, तो प्रसंग मी वर्णन करीत नाही. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. तशा दिल्या असत्या तर बरे झाले असते. बराच वेळ ते भाच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तिथं एवढी शिकलेली माणसं जमली हुती न्हवं? मग कुणीच ह्याच्या हातातली किल्ली कशी काढून घेतली न्हाई?"

ॲरिस्टॉटल आणि मनू यांच्या पानांतून जे मला शोधावे लागले, ते त्यांनी एका वाक्यात विचारले. त्यांना दैवाचा प्रश्न पडला नव्हता. आपण त्या वेळी रस्त्यावर का होतो, हेही त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले ते त्या मळ्यावरील शुद्धीवर असलेल्या माणसांविषयी.

महाभारतात शुक्राचार्यांची कथा आहे. असुरांनी कचाची राख मद्यात मिसळून ती त्यांना पाजली, आणि आपल्याच शिष्याला आपण पोटात घातले, हे त्यांना मागाहून कळले. "मला फसविले" एवढे म्हणून ते सुटू शकले असते. कारण ते खरेही होते. पण ते तेथे थांबले नाहीत. ज्या मद्याने आपली बुद्धी हरली, ते पिणे पुढे महापातकासमान गणले जावे, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. ती ब्राह्मणांपुरती होती, हा त्या काळाचा संकोच सोडून देऊ. घेण्यासारखे एवढेच, की अनर्थ झाल्यावर शहाणा मनुष्य सबब शोधीत नाही, मर्यादा आखतो.

आमच्या घरी आता तशी मर्यादा आखली आहे. भाच्याने न्यायालयात आपले म्हणणे खरे सांगावयाचे ठरविले आहे. प्रकरण चालू आहे, आणि शिक्षा होईल ती भोगावी, यावर अखेर मेहुण्यांचेही एकमत झाले. भरपाईचा दावा त्यासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे आहे. तो कमी व्हावा म्हणून खटपट करावयाची नाही, असे ठरले. राजदंड भोगल्याने समाजाचे ऋण फिटेल. त्या गृहस्थांचे ऋण भाच्याला आपल्या परीने फेडावे लागेल, आणि ते पूर्ण फिटणार नाही, हे त्याला माहीत आहे.

उरले ते आम्हा चौघांचे प्रत्येकी शंभर पण. ते कोणत्या खजिन्यात भरावे? मला एकच मार्ग दिसला. गेल्या वैशाखात आमच्याकडील कार्यास बाहेरगावची मंडळी आली होती. जेवणे झाल्यावर मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो, आणि जो जो गाडीची किल्ली काढील त्याला विचारीत गेलो, "काही घेतले आहे काय?" पाहुण्यांना असे विचारणे आपल्या रीतीस सोडून आहे; काहींच्या कपाळास आठ्या पडल्या. दोघांनी सरळ किल्ली माझ्या हाती दिली. त्यांची गादी माडीवर घातली, आणि सकाळी चहा घेऊन ते गेले. आठ्या घालून निघालेल्या एकाची गाडी कोपऱ्यावरून परत फिरली. तो काही बोलला नाही. किल्ली खुर्चीच्या हातावर ठेवून वर निजावयास गेला.

कायदा रस्त्यावर उभा असतो. घराच्या दारात उभे राहण्याचे काम त्याचे नाही. सभासद कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच : मंगलकार्याची यादी कराल, तेव्हा वाजंत्री, आचारी आणि मांडव यांच्या खाली आणखी एक नोंद करा. दाराशी कोण बसणार, त्याचे नाव लिहा. आणि ज्या रात्री सर्वजण सुखरूप घरी पोहोचतील, त्या रात्रीही हसण्यापूर्वी एकदा आठवा, की आपण पोहोचलो ते शहाणपणाने, की केवळ कोणी आडवे आले नाही म्हणून.